पुरात बुडालेली फाटकाची मोटार : दुरुस्तीनंतरच्या नोंदी

अकोटा, वडोदरा

२८ सप्टेंबर २०२४, शनिवार

फाटकाची मोटार आज पुन्हा चौथऱ्यावर बसवली. आतापर्यंतचं काम सुट्या कागदांवर होतं, पण चिखलाच्या बोटांमुळे ते कागद वाचण्यासारखे राहिलेले नाहीत. इथून पुढचं सगळं या वहीत लिहीन.

मागचं थोडक्यात. २६ ऑगस्टला, जन्माष्टमीच्या दिवशी, पावसाने जो जोर धरला तो सोडलाच नाही. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २६ फूट, पाणी ३५ फुटांच्याही वर गेलं. आमच्या आवारात दोन दिवस कमरेएवढं पाणी होतं. फाटकाची मोटार जमिनीपासून जेमतेम फूटभर वर, त्यामुळे ती पूर्ण बुडाली. मेन स्विच वेळेवर पाडला होता एवढंच बरं झालं. पाणी चढत असताना मोटार सोडवून वर आणावी असं मनात आलं होतं, पण मागच्या गल्लीत मगर दिसल्याचं लोक सांगत होते. विश्वामित्रीत मगरी आहेत हे बडोद्यात कोणाला पटवावं लागत नाही. त्यामुळे कोणीही फाटकापर्यंत गेलं नाही.

पाणी ओसरल्यावर मोटार उघडली. गिअरबॉक्समधलं तेल पाणी मिसळून दुधाच्या चहासारखं झालं होतं. वर्मगिअरचं ब्राँझचं चाक शाबूत निघालं. रोटरच्या, म्हणजे मोटारीच्या फिरणाऱ्या भागाच्या, दोन्ही बेअरिंगा गंजून अडकल्या होत्या, म्हणून मकरपुरा जी.आय.डी.सी.तून ६२०३ क्रमांकाच्या, दोन्ही बाजूंनी रबराचं सील असलेल्या नव्या आणल्या. सोबत ऑइल सीलही. कंट्रोल बोर्ड आधी नळाच्या पाण्याखाली मऊ टूथब्रशने धुतला, मग बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्याने, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आणि तीन दिवस पंख्याखाली ठेवला. मोटारीतून बाहेर येणाऱ्या तीन वायरींचं आवरण चिरलं होतं. घरात तांबड्या वायरीचं बंडल होतं, त्यातून तिन्ही बदलल्या. कॉमन वायरीला निळी टेप लावली.

फाटक रुळावर सरकणारं, चार मीटरचं, लोखंडी, अंदाजे ३५० किलोचं. मोटारीचं दातेरी चाक (पिनियन) फाटकावरच्या दातेरी पट्टीला (रॅक) ढकलतं. क्लच सोडवला की मोटार आणि पिनियन यांचा संबंध तुटतो आणि फाटक हाताने सरकतं. मोटार २३० व्होल्टची, सिंगल फेज. हे सगळं पुन्हा चालू करण्याचं कारण आई आहे. ती ८१ वर्षांची आहे, वॉकर घेऊन चालते आणि संध्याकाळी गल्लीच्या टोकापर्यंत फेरी मारते. पुरापासून फाटक हाताने ढकलावं लागतं आणि ते तिच्याने हलत नाही. मी कामावरून येईपर्यंत ती आत अडकून पडते.

२९ सप्टेंबर, रविवार

करंट दिला आणि त्याच क्षणी आर.सी.सी.बी. (गळती झाली की पडणारा स्विच) पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. हा ३० मिलिअँपिअरचा आहे, म्हणजे कुठून तरी एवढा करंट जमिनीत गळतो आहे.

बोर्ड पूर्ण सोडवला, मोटारीच्या वायरी मोकळ्या केल्या. बोर्ड एकटा जोडला तर आर.सी.सी.बी. टिकतो. म्हणजे गळती मोटारीत. मी पॉलिटेक्निकच्या विद्युत प्रयोगशाळेत काम करते, तिथला मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) परवानगी घेऊन शनिवारीच आणून ठेवला होता. वाइंडिंग (तारेची वेटोळी) आणि मोटारीचं धड यांच्यात ५०० व्होल्टवर जवळपास शून्य मेगओहम. निदान १ मेगओहम तरी हवा.

मेगर लावण्याआधी बोर्ड सोडवायचाच, हे इथे ठळक लिहून ठेवते. ५०० व्होल्ट बोर्डात गेले तर एवढं धुणं-पुसणं वाया.

मल्टिमीटरवर वाइंडिंग ठीक आहे : कॉमन ते पहिली वायर १४.२ ओहम, कॉमन ते दुसरी १४.३, आणि पहिली ते दुसरी २८.५. बेरीज जुळते, म्हणजे आत तार तुटलेली नाही आणि कॉमन कोणती याबद्दल शंका नाही. फक्त ओल आहे. मी मोटार बाहेरून कोरडी केली होती, पण वाइंडिंगच्या खाचांमध्ये जो इन्सुलेशनचा कागद असतो त्याने पाणी धरून ठेवलेलं असणार. स्टेटर, म्हणजे वाइंडिंगचा न फिरणारा भाग, पुन्हा बाहेर काढला. धान्याच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात १०० वॉटचा बल्ब लावून त्याच्याशेजारी ठेवला, झाकण बोटभर उघडं, म्हणजे वाफेला वाट.

३० सप्टेंबर, सोमवार

सकाळी ०.९. संध्याकाळी ४. राहू दे अजून.

२ ऑक्टोबर, बुधवार

गांधी जयंतीची सुट्टी. सकाळी मेगरवर ३८ मेगओहम. थंड झाल्यावर पुन्हा मोजलं, ३६. समाधान झालं.

सगळं जोडलं. आर.सी.सी.बी. टिकला. रिमोट दाबला तर रिलेचा (बोर्डावरचा विजेवर चालणारा स्विच) टक् आवाज, मग मोटारीची जाड घुमघुम, आणि हालचाल शून्य. तीन सेकंदांत बंद केली, कारण अशी घुमत ठेवली तर वाइंडिंग तापतं. किल्लीने क्लच सोडवून रोटरचा शाफ्ट बोटाने फिरवून दिला आणि पुन्हा रिमोट दाबला, तर मोटार त्याच दिशेने सुरेख धावली. उलटं ढकलून पाहिलं, तर उलटी धावली.

असं झालं की कपॅसिटर. या मोटारीत एकसारखी दोन वाइंडिंग असतात आणि कपॅसिटर दोघींच्या मध्ये असतो. तो एकीतला करंट दुसरीच्या पुढे सरकवतो, त्यातून फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि मोटारीला सुरुवातीचा जोर मिळतो. कपॅसिटर क्षीण झाला की क्षेत्र जागच्या जागी फक्त कमी-जास्त होत राहतं. मोटार घुमते पण कुठल्या दिशेला जायचं ते तिला ठरवता येत नाही, म्हणून बोटाने दिलेली दिशा ती मान्य करते.

टोकं रेझिस्टरने डिस्चार्ज करून मोजला : वर छापलेलं १२.५ मायक्रोफॅरड, मीटरवर ६.८. बाहेरून स्वच्छ दिसत होता म्हणून मी जुनाच परत घातला होता. रावपुऱ्यातून नवा आणला, ४५० व्होल्टचा. मोटार आता कुठल्याही मदतीशिवाय उचलते.

उद्या घटस्थापना. फाटकाला हात लावायला वेळ मिळणार नाही.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

संध्याकाळी पहिल्यांदा क्लच जोडून, म्हणजे फाटकासकट, मोटार चालवली. फाटक अर्ध्यात उभं केलं होतं. रिमोट दाबला. बोर्डावर ‘ओपन’ रिलेचा दिवा लागला आणि फाटक बंद होण्याच्या दिशेने निघालं.

दिशा उलटी आहे हे माझ्या डोक्यात येईपर्यंत ते टोकाला पोचलं आणि थांबलंच नाही. खांबाजवळच्या स्टॉपरवर धडकलं, पिनियन रॅकच्या दात्यांवरून कट-कट-कट सरकत राहिलं. एम.सी.बी. (फाटकाच्या लाइनचा स्विच) पाडला. स्टॉपरचा बोल्ट वाकला आहे, रॅकच्या नायलॉनच्या दोन दात्यांची टोकं खरवडली आहेत. गल्लीत मुलं खेळत होती, कोणी जवळ नव्हतं.

मोटारीच्या अंगात लिमिट स्विच आहे. स्प्रिंगची एक दांडी बाहेर आलेली असते. रॅकच्या दोन्ही टोकांना लोखंडी पट्ट्या आहेत, त्या दांडीला डावीकडे किंवा उजवीकडे वाकवतात. डावीकडे वाकली की एक स्विच, उजवीकडे वाकली की दुसरा. फाटक टोकाला गेलं तेव्हा दांडी नीट वाकलेली होती आणि बोर्डावर ‘क्लोज लिमिट’चा दिवाही लागला होता. पण बोर्डाच्या समजुतीप्रमाणे फाटक उघडत होतं, आणि उघडताना तो फक्त ‘ओपन लिमिट’ची वाट बघतो. ती त्या टोकाला कधीच येणार नव्हती.

५ ऑक्टोबर, शनिवार

लिमिट स्विचच्या तीन वायरी बोर्डावर स्क्रूच्या टर्मिनलमध्ये आहेत : मधली कॉमन, कडेच्या ओपन आणि क्लोज. कडेच्या दोन्हींची अदलाबदल केली. पाच मिनिटांचं काम. मोटारीच्या वायरींची टोकं टर्मिनल बॉक्समध्ये आहेत, तो बॉक्स मी सिलिकॉनने बंद केला होता, म्हणून तिकडे गेले नाही.

स्टॉपरचा बोल्ट बदलून चालवून पाहिलं. फाटक दोन्ही टोकांना नेमकं थांबलं. २२ सेकंदांत उघडतं, २२ सेकंदांत मिटतं. आईला खुर्चीत बसवून दाखवलं. समोरच्या बंगल्यातले काका येऊन म्हणाले, “बेन, सरस थई गयुं.”

६ ऑक्टोबर, रविवार

फोटोसेल जोडले, म्हणजे वाटेत आडवा किरण सोडून तो तुटला की बोर्डाला कळवणारी जोडी. पुरात तेही बुडाले होते, काचेच्या आतल्या बाजूला गाळाचा पापुद्रा होता, तो साफ केला. कालपर्यंत त्यांच्या टर्मिनलवर वायरीचा तुकडा टाकून बोर्डाला ‘वाट मोकळी आहे’ असं सांगितलं होतं, तो तुकडा काढला.

फाटक मिटत असताना किरणात हात धरला. फाटक थांबायला हवं, उलट फिरायला हवं. ते तसंच मिटत गेलं.

पुन्हा, तेच. मग दोन तास फोटोसेलमागे घालवले. पुरवठा २४ व्होल्ट, बरोबर. समोरासमोर रेषेत आहेत, रिसीव्हरचा दिवा लागलेला. हात धरला की दिवा जातो आणि आतला रिले टक् करतो. मल्टिमीटरवर पाहिलं, संपर्क तुटतो. बोर्डाच्या टर्मिनलवर पाहिलं, तिथपर्यंतही पोचतं. म्हणजे बोर्डाला कळतं आहे आणि बोर्ड ऐकत नाही. पुराच्या पाण्याने बोर्डाचा तो इनपुट गेला असावा, असं लिहिते आहे. नवा बोर्ड मागवावा लागेल, किंमत विचारून ठेवली.

रात्री ऑटो-क्लोजचा (फाटक आपोआप मिटण्याचा) छोटा स्विच पूर्वीसारखा चालू केला, ६० सेकंदांवर. लोखंडी रुळात गाळ घट्ट बसल्यामुळे मोटार जराशी अडखळत होती, म्हणून बोर्डावरचा, मोटारीचा जोर ठरवणारा पेच पूर्ण वर फिरवला. वेळ झाला की गाळ काढीन.

७ ऑक्टोबर, सोमवार

रात्री एकच्या सुमाराला गरब्याहून परतणाऱ्या शेजारणीने बेल वाजवली. “मासी, तमारो झांपो खुल्लो छे.” (झांपो म्हणजे फाटक.) मी झोपण्यापूर्वी स्वतः बंद केला होता. खिडकीतून रिमोटने पुन्हा बंद केला, मिटलेला बघितला आणि झोपले. सकाळी सताड उघडा.

कोणाचा तरी रिमोट जुळतो आहे असं वाटलं. या सगळ्या रिमोटांची फ्रीक्वेन्सी एकच, ४३३.९२ मेगाहर्ट्झ, आणि जुन्या ठरावीक कोडच्या रिमोटांमध्ये असा योगायोग होऊ शकतो. बोर्डाच्या मेमरीतले सगळे रिमोट पुसले, आमचे दोनच परत शिकवले. संध्याकाळी फाटक बंद केलं, दोन्ही रिमोटांच्या बॅटऱ्या काढून हातात घेतल्या आणि ओट्यावर बसून बघत राहिले. मिनिटभराने फाटक आपणहून उघडलं.

रिमोटचा संबंध नाही एवढं ठरलं. रिले चिकटतो आहे का ते उद्या बघेन.

८ ऑक्टोबर, मंगळवार

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

सव्वापाचला आई फेरीहून परत आली. मी आतून रिमोट दाबला, फाटक उघडायला लागलं. अर्ध्याहून जास्त उघडल्यावर आई वॉकर पुढे टाकत आत निघाली. तिने किरण ओलांडला त्या क्षणी फाटक थांबलं आणि तिच्या दिशेने परत मिटायला लागलं. जोराचा पेच मी पूर्ण वर करून ठेवलेला. वॉकरचा डावा पाय फाटक आणि खांब यांच्यात सापडला. मी धावत पुढे गेले आणि रिमोट दाबला, फाटक थांबलं. आईला लागलं नाही. वॉकरची नळी चेपली आहे. आई पायरीवर बसून पाणी प्यायली आणि मला म्हणाली, “तू घाबरू नकोस गं.”

एम.सी.बी. पाडून त्यावर चिकटपट्टी लावली. क्लच सोडवून फाटक हातावर घेतलं. पूर्ण उलगडा झाल्याशिवाय करंट देणार नाही.

रात्री वही उघडून मागची पानं वाचली. तीन तक्रारी आहेत. मिटताना फोटोसेल काम करत नाही. बंद केल्यावर मिनिटभराने फाटक उघडतं. उघडताना किरण तुटला की फाटक मिटतं. मी तिघींसाठी तीन दोष शोधत होते : फोटोसेलचा इनपुट, रिमोट, रिले.

फोटोसेल बिघडलेला नाही. तो काम करतो, पण उलट्या फेरीत. बोर्ड फोटोसेलकडे फक्त ‘क्लोज’ चालू असताना बघतो, ‘ओपन’ चालू असताना दुर्लक्ष करतो, आणि ते योग्यच आहे. ऑटो-क्लोजही बिघडलेला नाही. ‘ओपन लिमिट’ लागल्यावर ६० सेकंद मोजून तो ‘क्लोज’ देतो. फक्त आमच्या फाटकाचं मिटणं बोर्डाच्या लेखी उघडणं आहे. आम्ही फाटक बंद केलं की त्याला वाटतं उघडलं, मग मिनिट मोजून तो ‘बंद’ करतो आणि फाटक उघडतं. आई आत येत होती तेव्हा बोर्डाच्या समजुतीप्रमाणे फाटक मिटत होतं आणि मध्ये माणूस आलं, म्हणून त्याने घाईने ‘उघडलं’.

४ तारखेला दिशा उलटी दिसली होती. मोटारीच्या दोन वायरींची अदलाबदल झाली होती, दोन्ही तांबड्या, मी स्वतः घातलेल्या. ५ तारखेला मी ती चूक काढली नाही, लिमिटच्या वायरी उलटवून दुसरी चूक तिच्या मापाची बनवली. टोकं जुळली, फाटक थांबायला लागलं, आणि दिसणारा एकमेव पुरावा मी माझ्या हाताने पुसून टाकला. धडक बसत होती तोपर्यंत यंत्र सांगत होतं की काहीतरी उलटं आहे.

आमचे आजोबा कलाभवनात शिकले, सयाजीराव महाराजांनी १८९० साली काढलेल्या तंत्रशाळेत. कुठलंही यंत्र सोडवण्याआधी ते प्रत्येक वायरीला दोरा बांधत, पहिलीच्या दोऱ्याला एक गाठ, दुसरीच्याला दोन. मी मोबाइलवर फोटो काढले होते. आज ते मोठे करून बघितले, सगळ्या वायरी एकाच चिखलाच्या रंगाच्या आहेत.

९ ऑक्टोबर, बुधवार

अर्धी रजा टाकली. टर्मिनल बॉक्सचं सिलिकॉन कापून उघडला, मोटारीच्या दोन वायरींची अदलाबदल केली. लिमिटच्या दोन वायरी पुन्हा मूळ जागी. दोन्ही गोष्टी एकत्र करायच्या, एकच केली तर परत ४ तारखेची धडक. ज्यांची मोटार फाटकाच्या दुसऱ्या बाजूला बसवायची असते त्यांना हीच जोडी उलटवावी लागते, म्हणून बसवणारे कारागीर या दोन्ही एका दमात करतात. फक्त दुरुस्ती करणाऱ्याच्या हातून यातली एकच होते.

या वेळी फाटक न जोडता तपासलं. क्लच सोडलेला, फाटक अर्ध्यात हाताने उभं केलेलं, गिअरबॉक्समधलं ब्राँझचं चाक नुसतं फिरणार. क्रम असा ठेवला.

पहिल्यांदा रिमोट दाबला. ‘ओपन’चा दिवा लागला. त्या चाकाचा वरचा दाता कुठल्या बाजूला सरकतो ते बघितलं आणि फाटक तिकडे गेलं असतं तर उघडलं असतं का, हे मोठ्याने म्हटलं. हो.

मग ‘ओपन’ चालू असतानाच, पूर्ण उघडल्यावर पट्टी स्प्रिंगच्या दांडीला ज्या बाजूला वाकवते त्या बाजूला दांडी बोटाने वाकवली. मोटार थांबली. दुसऱ्यांदा चालू करून दांडी विरुद्ध बाजूला वाकवली. मोटार थांबली नाही, आणि थांबायलाही नको होती. हेच ‘क्लोज’साठी.

मग ‘क्लोज’ चालू असताना किरणात हात. मोटार थांबली आणि उलटी फिरली. ‘ओपन’ चालू असताना हात. काही नाही.

शेवटी ऑटो-क्लोज. दांडी ‘ओपन लिमिट’च्या बाजूला धरून ठेवली, ६० सेकंद मोजले, ‘क्लोज’ रिले लागला. दांडी ‘क्लोज लिमिट’च्या बाजूला धरून पाच मिनिटं बसले. काहीही झालं नाही.

हे सगळं २० मिनिटांत झालं. पहिल्या दिवशी केलं असतं तर स्टॉपरचा बोल्ट वाकला नसता, आणि आईचा वॉकरही.

फाटक अजून जोडलेलं नाही. रुळात गाळ असताना जोडणार नाही.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

सामान तोलायच्या स्प्रिंगच्या काट्याने फाटक ओढून बघितलं. हलायला १४ किलोचा जोर लागतो. म्हणूनच मोटार अडखळत होती, आणि म्हणूनच मी पेच वर केला होता, तोच पेच आईच्या बाबतीत घातक ठरणार होता. दोष रुळाचा होता आणि मी त्याची भरपाई मोटारीच्या ताकदीतून केली.

रूळ छिन्नीने आणि तारेच्या ब्रशने साफ केला. पुराचा गाळ वाळला की सिमेंटसारखा होतो, दोन बादल्या निघाला. खालच्या चाकांपैकी एक फिरतच नव्हतं, नुसतं घासत होतं. त्याचं बेअरिंग बदललं. वरच्या मार्गदर्शक रोलरना तेल दिलं. रुळात ग्रीस घातलं नाही, ग्रीस धूळ धरून ठेवतं. आता काटा ४.५ किलो दाखवतो आणि आईलाही फाटक हाताने सरकवता येतं. ते तिने आपण होऊन करून पाहिलं.

रॅक आणि पिनियन यांच्यात एक-दीड मिलिमीटर फट आहे का तेही चारी मीटर तपासलं. फट नसेल तर फाटकाचं वजन पिनियनवर बसतं आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट वाकतो. मधल्या भागात फट नव्हती, तिथला रॅक बोल्ट ढिले करून उचलला.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. आजोबांचे पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर, माझा मल्टिमीटर, सगळं पाटावर मांडून पूजा केली. आज फाटकाला हात नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार

फाटक जोडलं. जोराचा पेच पूर्ण खाली आणून थोडाथोडा वर फिरवत गेले, फाटक सबंध फेरी न अडखळता करतं तिथे थांबले. युरोपच्या ई.एन. १२४५३ या मानकात आवळणाऱ्या कडेचा धक्का ४०० न्यूटनपर्यंत आणि तोही पाऊण सेकंदाच्या आत उतरावा असं आहे. माझ्याकडे ते मोजायचं यंत्र नाही, म्हणून आधी रिकामं खोकं मध्ये ठेवलं, मग माझा तळहात. फाटक हाताने अडवता येतं आणि अडवल्यावर मोटार सोडून देते. खोक्याचा कोपराही दबला नाही. फाटकाच्या पुढच्या कडेला रबराची जाड पट्टी लावली.

फोटोसेल आधी ७० सेंटिमीटरवर होते. वॉकरच्या नळ्या बारीक असतात आणि त्या उंचीला दोन नळ्यांच्या मधून किरण आरपार जातो, हे आज वॉकर हळूहळू सरकवताना दिसलं. फोटोसेल खाली, ४५ सेंटिमीटरवर आणले. तिथे वॉकरची आडवी पट्टी किरणात येते, आणि मागोमाग पाय येतात.

राहिलेला एक दोष : रिमोट लांबून चालत नाही. हा पटकन सापडला. बोर्ड धुताना अँटेनाची वायर तुटली होती, तिच्या जागी हाताला आला तो आखूड तुकडा डकवून मी तो धातूच्या झाकणाखाली गुंडाळला होता. ४३३.९२ मेगाहर्ट्झची तरंगलांबी ६९ सेंटिमीटर, तिचा चौथा भाग १७ सेंटिमीटरच्या थोडा वर. तेवढी वायर कापून सरळ उभी ठेवली. आता रस्त्याच्या वळणावरून फाटक उघडतं.

२० ऑक्टोबर, रविवार

आठवडाभर फाटक बिनतक्रार चाललं, म्हणून शेवटचं काम आज केलं. बोर्ड मोटारीच्या पोटातून काढून पोर्चच्या भिंतीवर, जमिनीपासून साडेपाच फुटांवर, झाकणाला रबराची कड असलेल्या डब्यात बसवला. मोटार खालीच राहणार, रॅक तिथेच आहे. ती भिजली तर वाळवता येते, बेअरिंगा बदलता येतात. बोर्डाचं तसं नाही, या वेळी तो वाचला हे नशीब. तिथून मोटारीपर्यंत नवी केबल टाकली, करंटच्या वायरी एका पाइपात, लिमिट आणि फोटोसेलच्या दुसऱ्यात.

प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना दोरा बांधला आहे. मोटारीची ‘ओपन’ एक गाठ, ‘क्लोज’ दोन, कॉमन बिनगाठीची. लिमिटच्याही तशाच. झाकणाच्या आत हा सगळा आराखडा कागदावर काढून प्लास्टिकच्या पिशवीत चिकटवला.

बोर्ड हलवला म्हणजे पुन्हा सगळ्या वायरींना हात लागला. म्हणून ९ तारखेची तपासणी पहिल्यापासून, फाटक न जोडता, त्याच क्रमाने परत केली. सगळं बरोबर. मेगरवर ४१ मेगओहम, कपॅसिटर १२.४.

संध्याकाळी आई नव्या वॉकरने बाहेर पडली. मी एम.सी.बी.शेजारी उभी होते. तिने रिमोट स्वतः दाबला, फाटक पूर्ण उघडेपर्यंत थांबली, मग निघाली. किरणात मुद्दाम उभी राहून माझ्याकडे बघितलं. फाटक हललं नाही. परत येताना ती उंबऱ्यावर पोचायला आणि ऑटो-क्लोजचं मिनिट संपायला एकच गाठ पडली. फाटक दोन बोटं सरकलं, तिचा पाय किरणात आला आणि ते उघडून थांबलं. “एवढी घाई कशाला त्याला,” आई म्हणाली. वेळ ९० सेकंदांवर नेला.